नदीतील गळाच्या मासेमारीसाठी आमिषाची निवड

नदीकाठच्या खेड्यांतून गळ टाकून मासे धरण्याची चाल फार जुनी आहे. जाळ्याच्या मासेमारीस भांडवल, होडी आणि चार माणसांची साथ लागते. गळास मात्र एक काठी, थोडा तंगूस, दोन-चार गळ आणि सवड एवढे पुरते. खरिपाची कोळपणी आटोपल्यावर किंवा रब्बीची पेरणी उरकल्यावर जी फुरसत मिळते, तीत शेतकऱ्याच्या कुटुंबास ह्या मार्गाने ताजे व पौष्टिक अन्न मिळू शकते. रोहूसारख्या माशाच्या मांसात सुमारे १६ ते १७ टक्के प्रथिने असतात. ज्या घरी डाळही मोजून शिजवावी लागते, त्या घरी ही गोष्ट लहान नव्हे. असे असूनही दिवसभर नदीवर बसून रिकाम्या हाताने परतणारे पुष्कळ आढळतात. ते दोष नशिबाला देतात, नाही तर नदीला. वस्तुतः बहुतेक वेळी दोष आमिषाचा असतो. आमिष माशाच्या भुकेकडे पाहून निवडलेले नसते, घरात जे हाताशी आले तेच गळास लावलेले असते.

गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी पुस्तके चाळणाऱ्यास त्यांत ट्राऊट माशाचे व त्यासाठी पिसांपासून बनविलेल्या कृत्रिम माश्यांचे वर्णन पानोपानी आढळेल. ते शिक्षण जसेच्या तसे आपल्या नद्यांना लागू करणे व्यर्थ होय. ट्राऊट हा थंड, वाहत्या व प्राणवायूने संपन्न अशा पाण्यातील मासा आहे. पाण्याचे तपमान २० अंश सेल्सिअसच्या पुढे फार काळ राहिल्यास ते त्यास मानवत नाही. इंग्रजी अमदानीत, १९०० च्या सुमारास, तो ब्रिटनमधून काश्मिरात आणला गेला. आज काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी अशा थंड डोंगराळ भागांतच तो टिकून आहे. भीमा, कृष्णा, गोदावरी वा वैनगंगा ह्या नद्यांत त्याचा मागमूसही नाही. मात्र त्या पुस्तकांतील एक तत्त्व सर्वत्र खरे ठरते. ज्या दिवशी, ज्या पाण्यात मासा जे खात असेल, तेच किंवा त्यासारखे दिसणारे आमिष त्यापुढे ठेवावे. पिसांची माशी ही अखेर पाण्यावर पडलेल्या किड्याची नक्कलच होय.

मासा अन्न कसे शोधतो

आमिष निवडण्यापूर्वी माशाच्या तोंडाची ठेवण पाहावी. कटल्याचे तोंड मोठे व वरच्या बाजूस वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असते व तो तळच्या गाळातील कुजका पालापाचोळा खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. त्याचे ओठ झालरीसारखे असून ते वनस्पतींचे कोवळे भाग व शेवाळ खरडून खाण्यास सोयीचे असतात. ह्यावरून हे उघड आहे की, कटल्यासाठी तळाशी ठेवलेले आमिष आणि मृगळासाठी पृष्ठभागी ठेवलेले आमिष, दोन्ही कितीही उत्तम असली तरी वाया जाणार.

शिंगाळा, शिवडा, मांगूर ह्या मिशाळ माशांचे प्रकरण निराळे आहे. त्यांच्या मिशांवर रुची ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. अंधारात किंवा गढूळ पाण्यातही ते मिशा फिरवून अन्न हुडकतात. त्यांच्यासाठी आमिषाच्या रंगापेक्षा त्याचा वास महत्त्वाचा. मरळ हा याउलट डोळ्यांवर विसंबणारा मासा आहे. हालणारे, धडपडणारे भक्ष्य दिसले की तो झडप घालतो, पण निश्चल पडलेल्या कणकेच्या गोळ्याकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. ह्याशिवाय सर्व माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंस डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा दिसते. तिच्या योगाने त्यांना पाण्यातील कंप जाणवतात. सबब काठावर पाय आपटीत चालणाऱ्याचे आमिष बहुधा तसेच्या तसे परत येते.

मासा काय खातो ह्याची खात्री करून घेण्याचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. दिवसाचा पहिला मासा साफ करताना त्याचे आतडे फेकून न देता चिरून पाहावे. रोहू व खडशी ह्यांच्या कुळातील माशांना खरे जठर नसते, पण लांब आतड्याच्या पुढच्या भागात ताजे अन्न ओळखता येते. त्यात हिरवा लगदा दिसला तर शेवाळ, काळी माती दिसली तर तळचा गाळ आणि चमकदार पापुद्रे दिसले तर किडे, असे अनुमान करावे. जाणते मासेमार हे न बोलता करतात. नवख्यास ते कोणी सांगत नाही, एवढेच.

गांडूळ

सर्व आमिषांत गांडूळ हे सर्वाधिक उपयोगी होय. वाम, शिंगाळा, मांगूर, लहानमोठे खवलेवाले मासे, किंबहुना शेवाळावर राहणारे मासेदेखील ते नाकारीत नाहीत. पहिल्या पुरानंतर काठची माती वाहून नदीत येते व तिच्याबरोबर गांडुळेही येतात. त्यामुळे श्रावण-भाद्रपदातील गढूळ पाण्यात त्याच्या तोडीचे दुसरे आमिष नाही.

गांडुळे शेताचे बांध उकरून काढू नयेत. ती शेतजमिनीची चाकरी करणारी आहेत आणि दोन माशांसाठी बांध खिळखिळा करणे शहाणपणाचे नाही. न्हाणीच्या सांडपाण्याचा पाट, केळीचा आळा, उकिरड्याची ओली कड ह्या जागी ती हवी तेवढी सापडतात. ज्यांच्याकडे गांडूळखताचा वाफा आहे त्यांना तर शोधावेच लागत नाही. मात्र खतातील तांबड्या पट्टेदार गांडुळांच्या अंगातून पिवळसर, उग्र वासाचा द्रव पाझरतो. अशी गांडुळे एक रात्र ओल्या, स्वच्छ पाल्यात ठेवावीत. पोटातील माती निघून जाते, त्वचा चिवट होते आणि ती गळावर अधिक वेळ टिकतात. जाड मातीतील गांडुळांनाही हा संस्कार लाभदायक ठरतो.

गळावर गांडूळ लावण्याची रीत माशागणिक बदलते. लहान तोंडाच्या माशासाठी गांडुळाचा २ ते ३ सेंटिमीटरचा तुकडा पुरे. त्याने गळाचे टोक झाकले गेले पाहिजे, शेपूट मात्र फार लोंबू देऊ नये. लोंबते शेपूट मासा कुरतडून नेतो व मासेमार हलणारे बूच पाहत बसतो. शिंगाळ्यासाठी दोन-तीन जाड गांडुळे एकत्र गुंफून त्यांचा गुच्छ करावा व तो शिशाच्या वजनाने तळाशी बसवावा. वामीसाठी संध्याकाळनंतर दगडांच्या कपारीजवळ एकेरी गांडूळ सोडावे. ती रात्री बाहेर पडते.

कणीक, पेंड व भरडधान्य

गांडुळानंतर पिठाचे आमिष येते. रोहू, मृगळ, खडशी व चिलापी ह्यांच्यासाठी ते योजतात. ते बिघडते ते बहुधा मळण्यात. सैल कणीक पाण्यात पडताच विरघळते, तर फार घट्ट कणीक गळाच्या टोकास अडवते व मासा ओढला असता गळ त्याच्या ओठात रुतत नाही. पाव किलो गव्हाच्या कणकेत सुमारे १०० ग्रॅम भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड मिसळावी, थोडे थोडे पाणी घालून कानाच्या पाळीइतकी मऊ मळावी व ओल्या फडक्यात अर्धा तास झाकून ठेवावी. मळताना चिमूटभर पिंजलेला कापूस घातल्यास गोळा गळावर धरून राहतो. वासासाठी हिंग, मेथीची पूड किंवा बडीशेप ह्यांपैकी कोणतेही एकच, आणि तेही अल्प प्रमाणात घालावे. सर्व मसाले एकत्र करण्याचा हव्यास अनेकांना असतो. त्याने माशापेक्षा मासेमाराचेच समाधान अधिक होते.

ज्या पाण्यात लहान मासे फार असतात, तेथे मऊ गोळा मोठ्या माशापर्यंत पोहोचण्यापूर्वीच चिलटीसारखे मासे तो टिपून टाकतात. अशा जागी पीठ उकळावे. कावेरीच्या काठी महाशीर धरण्यासाठी नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे फार पूर्वीपासून वापरात आहेत. नाचणीचे पीठ घट्ट मळून लिंबाएवढे गोळे करतात व ते उकळत्या पाण्यात सोडून वरचा थर चिवट होईपर्यंत शिजवितात. सह्याद्रीच्या ज्या भागात नाचणी पिकते, तेथील शेतकऱ्यास हे आमिष घरचेच आहे.

कटल्यासाठी मात्र गोळा मुद्दाम ठिसूळ ठेवतात. भिजविलेली पेंड व तांदळाचा कोंडा ह्यांचा मोठा लाडू करून त्याच्या भोवती चार-पाच लहान गळ आखूड दोऱ्यांनी लोंबकळत ठेवतात. लाडू विरघळत जातो, त्याचा धूर पाण्यात पसरतो आणि तो गाळून खाताना कटल्याच्या तोंडात गळ जातो.

आदल्या संध्याकाळी बसण्याच्या जागी मूठ-दोन मूठ भिजविलेली पेंड टाकून ठेवल्यास मासे त्या जागी येण्यास शिकतात. मासा शिकतो ह्याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड येथे नदीच्या डोहात मोठमोठे महाशीर आहेत. श्रद्धेमुळे तेथे कोणी ते धरीत नाही. यात्रेकरूंनी टाकलेले खाद्य घेण्यास ते काठाशी गर्दी करतात. परंतु चारा टाकण्यातही मर्यादा हवी. पोट भरलेला मासा गळाकडे येत नाही आणि उन्हाळ्यातील उथळ, साचलेल्या डोहात टोपलीभर पेंड ओतल्यास ती कुजून पाण्यातील प्राणवायू नाहीसा करते. त्याच डोहावर गावची गुरे पाणी पितात, ह्याचेही भान ठेवावे.

किडे, फळे व मांसाहारी आमिषे

आश्विन-कार्तिकात पाणी निवळते आणि काठच्या पिकांत नाकतोडे माजतात. पहाटे दवाने पंख भिजलेले असताना ते हाताने सहज वेचता येतात. गळास शिसे न लावता जिवंत नाकतोडा पाण्यावर अलगद सोडावा व प्रवाहाबरोबर वाहू द्यावा. पावसाच्या सुरुवातीस वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती पडतात. तेही उत्तम आमिष होय, पण ते नाजूक असल्याने बारीक गळच हवा. येथे एक सूचना करावीशी वाटते. गळाचा क्रमांक जसा वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण दुकानातून नेमका उलटा माल घेऊन येतात.

खडशी, म्हणजे आपल्याकडील महाशीर, हा सर्वभक्षी मासा आहे. कर्नल साईक्स ह्यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द स्थानिक नावावरूनच आलेला आहे. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असलेल्या बळकट दातांनी तो खेकडे व शंखही फोडतो. काठावरच्या उंबराची पिकलेली फळे पाण्यात पडू लागली की तो त्याच झाडाखाली घुटमळतो. अशा वेळी गळात लपविलेले पिकले उंबर जे काम करील, ते कणीक कधीच करणार नाही. म्हणून डोहावर पोहोचताच पाण्याकडे पाहण्याआधी झाडांकडे पाहावे. धरणे, वाळूउपसा व प्रदूषण ह्यांमुळे हा मासा पुष्कळ नद्यांतून विरळ झाला आहे. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची कृत्रिम पैदास करून बीज जलाशयांत सोडण्याचे प्रयत्न झाले, ते ह्याच कारणाने. मोठी, अंड्यांवर आलेली खडशी गळास लागल्यास ओल्या हाताने गळ काढून ती पाण्यात परत सोडणे इष्ट.

शिवडा व मोठा शिंगाळा ह्यांना झिंगे, लहान मासे व कोंबडीची आतडी आवडतात. शिवडा रात्री शिकारीस निघतो, तेव्हा त्याचे आमिष सूर्यास्तानंतरच सोडावे. आतडी उरल्यास ती नदीत न टाकता खतखड्ड्यात पुरावी.

जिवंत माशाचे आमिष मरळीसाठी सर्वांत परिणामकारक असते. पण तो मासा ज्या पाण्यात गळ टाकायचा त्याच पाण्यातला असला पाहिजे. एका तळ्यातील लहान मासे कळशीतून दुसऱ्या नदीवर नेणे व उरलेले तेथेच ओतून देणे, ही सवय अत्यंत घातक आहे. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज तो बहुतेक जलाशयांत स्थानिक माशांच्या वाट्याचे अन्न खात आहे. आफ्रिकेतील मूळचा, ‘थाई मागूर’ ह्या नावाने ओळखला जाणारा मासाही तसाच पसरतो. त्याच्या पालनास बंदी आहे, ती त्याच्या खादाडपणामुळेच. एक कळशी ओतण्यास क्षण लागतो, परंतु नदीत रुजलेला परका मासा कोणत्याही जाळ्याने पुन्हा निपटून काढता येत नाही.

बेडूक हेही मरळीचे आवडते भक्ष्य. तरी आमिषासाठी बेडूक पकडू नयेत. भातखाचरातील किडींवर ते जगतात. बेडकांची घटती संख्या पाहून १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, हे शेतकऱ्यांनी स्मरणात ठेवण्याजोगे आहे. झिंगा किंवा चाल मासा तेच काम करतो.

जे आमिष टाळावे

मरळीसंबंधी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पावसाळ्यात तिची पिल्ले नारिंगी-तांबूस रंगाच्या दाट थव्याने पृष्ठभागी फिरतात व नर-मादी त्यांच्या खाली पहारा करीत असतात. ह्या थव्यात गळ हालविला की पालक मासा त्यावर तुटून पडतो. तो भुकेने येत नाही, पिल्लांवर शत्रू आला असे समजून येतो. म्हणून ही युक्ती क्वचितच फसते आणि म्हणूनच ती अनेक गावांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. परंतु पालक मासा काठावर येताच त्या थव्याला राखणदार उरत नाही. काही तासांतच इतर मासे व पाणपक्षी तो थवा फस्त करतात. एका मरळीच्या मोबदल्यात पुढील दोन-तीन वर्षांच्या शेकडो मरळी गमवाव्या लागतात. ज्या ओढ्यांतून पूर्वी मरळ मिळे व आता मिळत नाही, तेथील वृद्धांना विचारल्यास ह्या युक्तीचा उल्लेख हमखास निघेल.

रोहू, कटला व मृगळ ह्यांचा विणीचा काळही जून ते ऑगस्ट हाच. पहिल्या पुराच्या पाण्यावर चढणारे, अंड्यांनी फुगलेले मासे उथळ धारेत सहज सापडतात. त्या दिवसांत गळ घरीच ठेवणे सर्वांत हितावह.

गेळाची फळे किंवा निवडुंगाचा चीक डोहात कालवून मासे बधिर करण्याची प्रथा जुनी आहे. हल्ली त्यांची जागा कीटकनाशकांनी घेतली असून काही जण भाताच्या गोळ्यांत फवारणीचे औषध कालवून ते आमिष म्हणून टाकतात. त्यास आमिष म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. त्या विषाने लहान पिल्ले, झिंगे व खेकडेही मरतात. विष माशाच्या अंगात राहते आणि मग ते खाणाऱ्याच्या ताटात येते. पाण्यात विष घालून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानुसार गुन्हा आहे. शिवाय धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी.

हंगाम, वेळ व पारख

पौष-माघात पाणी थंड होते व माशांची पचनक्रिया मंदावते. त्या दिवसांत आमिष लहान ठेवावे आणि ऊन तापल्यावर दुपारी बसावे. चैत्र-वैशाखात याच्या उलट, सकाळ व सायंकाळ चांगली. मात्र वनस्पतींनी भरलेल्या साचल्या डोहात अगदी पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो व मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ते भुकेने तसे करतात असा समज आहे, पण ते गुदमरत असतात व त्या वेळी कोणतेच आमिष घेत नाहीत. सूर्य वर येऊन पाणी सुधारेपर्यंत थांबावे.

कोणते आमिष आपल्या नदीत चालते ह्याचा निर्णय ऐकीव गोष्टींवरून करू नये. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच खोलीवर तीन गळ टाकावेत. एकास गांडूळ, दुसऱ्यास कणीक व तिसऱ्यास झिंगा लावावा. तारीख, पाण्याचा रंग, वेळ, आमिष व मिळालेला मासा ह्यांची नोंद शाळेच्या वहीत करावी. जागा व आमिष दोन्ही एकाच वेळी बदलल्यास यश कशाचे हे कळत नाही. तीन-चार हंगामांची अशी वही कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या गावास अधिक उपयोगी पडेल.

उन्हाळ्यात गांडुळे दुर्मिळ होतात. त्यासाठी फाल्गुनातच माठाच्या फुटक्या बुडात ओली माती, वाळका पाला व थोडे कुजलेले शेण घालून त्यात पन्नास-साठ गांडुळे सोडावीत, वर ओले पोते टाकावे व माठ रांजणाच्या सावलीत ठेवावा. दर दोन दिवसांनी पाणी शिंपडावे, पण तळाशी साचू देऊ नये. मुंग्या लागू नयेत म्हणून माठ पाण्याच्या परातीत विटेवर ठेवल्यास आमिष मृगापर्यंत पुरते.